सहीखालची रेघ

भय्यासाहेब, तुमच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर माझा फोटो तुमच्यापेक्षा मोठा छापलाय. धारूरच्या बसस्टँडसमोर लावलाय, येणारा-जाणारा बघतो. मी कार्यकर्त्यांना म्हणालो, "अरे, गेलं कोण? ते का मी?" तर म्हणतात, "सभापती, त्यान्ला इथं कोण वळखतंय? तुमचा फोटो बघून लोकं थांबतेत." तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. दिल्लीत दिवसभर टीव्हीवर तुमच्याशिवाय दुसरं काही नव्हतं, मोठमोठी माणसं चष्मे पुसत बोलत होती, आणि इथं तुमची ओळख काय, तर सभापतींचे दोस्त.

बातमी आली तेव्हा मी दाढी करत होतो. पहिल्यांदा मला काय वाटलं ते सांगतो, कारण तुमच्याशी खोटं बोलून आता काही उपयोग नाही. सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज वाटली ती नंतर, तोंड धुऊन चहा प्यायल्यावर. कशातून सुटलो ते तुम्हाला अर्धं ठाऊक असावं असा मला संशय आहे. उरलेलं अर्धं सांगायला बसलोय.

आपली भेट घाटात झाली. तुम्ही पक्षाचे निरीक्षक म्हणून आला होतात, धारूरची सभा आटपून परळीला निघालात आणि घाटात तुमच्या जीपचा फॅनबेल्ट तुटला. मी घाटाखालच्या गावचा नवा सरपंच. पुढारी अडकलाय म्हटल्यावर पळत आलो. गावातून रशीदला बोलावणं धाडलं. रशीद तेव्हा नुकताच मिस्त्री झाला होता, सायकलवर आला, बेल्ट गळ्यात घालून. तो बॉनेटखाली घुसला आणि आपण दोघं पुलाच्या कठड्यावर सीताफळं खात बसलो. हिंदी मुलखातल्या सागरकडचे तुम्ही, घरात मराठी, बाहेर हिंदी. त्यामुळं तुमची मराठी कुठल्या तरी जुन्या बखरीतली वाटायची. "आपण येथे किती वर्षे सरपंच आहात?" असं विचारलंत. मी म्हणालो, "दोन महिने." तुम्ही एवढे हसलात की बी घशात गेली. मी तुमच्या पाठीत धपाटा घातला. राष्ट्रीय नेत्याच्या पाठीत धपाटा घालून झालेली ओळख, ती टिकायचीच होती.

निघताना रशीदनं तुमच्याकडून काही घेतलं नाही. "पावनं हायत, घाटात अडकले," एवढंच म्हणाला. तुम्ही डायरी काढून दोन नावं लिहून घेतलीत, विष्णू आणि रशीद. मला वाटलं, हे असं सगळेच पुढारी लिहून घेतात. आठ दिवसांत तुमचं पोस्टकार्ड आलं आणि त्यात रशीदला सलाम होता.

मग पत्रं सुरू झाली ती तीसेक वर्षं थांबली नाहीत. मधे मी पंचायत समितीचा सभापती झालो, अडीच वर्षांत पायउतार झालो, पण तुम्ही शेवटपर्यंत 'प्रिय सभापती' असंच लिहिलंत. तुम्ही खासदार झालात, मंत्री झालात, पडलात, पुन्हा उभे राहिलात, अक्षर तेवढंच वाकडं राहिलं. मी तुमचं पाकीट सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवायचो, अर्धं बाहेर दिसेल असं. दिल्लीचा शिक्का लोकांना दिसला पाहिजे. बँकेत गेलो तरी मॅनेजर खुर्ची द्यायचा. पत्रात असायचं काय? तूर कशी आहे, तुमचा गुडघा काय म्हणतोय, कोण पक्ष सोडून गेला आणि त्याला मी काय शिवी दिली. एकदा तुम्ही लिहिलंत, "येथे सकाळपासून माणसे भेटतात, पण पाऊस पडला काय, असे तुमच्याशिवाय कोणी विचारीत नाही." मी ते पत्र खिशात नाही ठेवलं. घरी कपाटात ठेवलं.

माझी बायको गेली तेव्हा तुम्ही मंत्री होतात. तेरा दिवस रोज एक पत्र आलं. एकातही सांत्वनाचा शब्द नव्हता. आज वांग्याची भाजी खारट होती, आज अधिवेशनात एक जण झोपला आणि घोरला, आज बंगल्यात माकड शिरलं. मी रोज पोस्टमनची वाट बघायचो. पत्र वाचायला म्हणून ओसरीवर येऊन बसायचो, नाहीतर मी खोलीतून उठलोच नसतो. तुमचे उपकार मोजायचे म्हटले तर मला एवढं एकच पुरेसं आहे.

आता चिठ्ठ्यांचं बोलू. तालुक्याचा पुढारी म्हणजे काय, तर चिठ्ठी देणारा. कुणाला दवाखाना, कुणाला बदली, कुणाला कॉलेज. आणि माझी दिल्लीपर्यंत ओळख म्हटल्यावर दारात रांग. नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं की तो माणूस चहाच्या टपरीवर जाऊन सांगणार, "काय न्हाई बे, ह्यांचं दिल्लीत कुत्रं बी इचारत न्हाई." म्हणून मी सगळ्यांना चिठ्ठी द्यायचो. शेवटी तुम्ही वैतागून लिहिलंत, "या महिन्यात तुमची चिठ्ठी घेऊन आलेल्या एकास भावाला पोलिसात परत घ्यायचे होते, आणि एकास केवळ लाल किल्ला पाहायचा होता. मी कोणाचे करू?"

त्यावर तोडगा काढला तो मी. रेघ ही माझी अक्कल. खरी गरज असेल त्याच्या चिठ्ठीत माझ्या सहीखाली एक आडवी रेघ. रेघ नसली तर समजायचं, हा माणूस मला टाळता आला नाही, तुम्ही चहा पाजून वाटेला लावा. तुम्हाला ते पटलं नव्हतं. "हे काही बरे नव्हे," म्हणालात. पण काम सोपं झालं म्हणून चालू दिलंत. तुमचे सचिव पांडेजी आधी सही बघायचे, मग मजकूर. रेघ असली की बंगल्यामागची खोली उघडायची, दवाखान्याची तारीख मिळायची, तुम्ही स्वतः चौकशी करायचात. कित्येक माणसं त्या रेघेनं बरी होऊन आली. आणि बिनरेघेची माणसं चहा पिऊन परत यायची आणि मला सांगायची, "साहेब लई चांगले हायत, नाव लिहून घेतलंय." ते फसलेत हे त्यांना कळायचं नाही, आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. धंद्यातली रीत म्हणून सोडून द्यायचो.

मग मी जिल्हा परिषदेला पडलो. थोडक्यात पडलो, त्यामुळं जास्त लागलं. प्रचारात विरोधकाच्या सगळ्या जीपा महिनाभर रशीदच्या गॅरेजात होत्या, शेडवर त्यांचा झेंडा होता. लोकांनी माझे कान भरले, मिस्त्रीनं अख्खा मोहल्ला फिरवला म्हणून. मी आज विचार करतो, त्याचा धंदाच गाड्या दुरुस्त करायचा, तो काय पक्ष विचारून पाना हातात घेणार होता? पण पडलेल्या माणसाला कुणीतरी लागतं. मला रशीद मिळाला.

निकालानंतर महिनाभरात तो माझ्याकडं आला. मागं जैनब, त्याची बायको, डाव्या डोळ्यावर पदर धरून उभी. "सभापती, हिच्या डोळ्याचा पडदा सुटलाय म्हणतेत. लातूरच्या डाक्टरनं सांगितलं, दिल्लीच्या मोठ्या दवाखान्यात न्या, अन् लवकर न्या. तुमची चिठ्ठी द्या. भय्यासाहेब तर आपल्या वळखीचेच हायत की."

मी चिठ्ठी लिहिली. सुंदर लिहिली. 'आपल्या जीपच्या वेळचा रशीद' असंसुद्धा लिहिलं. सही केली. पेन खाली रेघेच्या जागी आलं आणि मी टोपण लावलं.

मनात एवढंच होतं की जाऊ दे एक चक्कर रिकामी. परत आला की दुसरी देऊ, रेघेची. जरा कळू दे सभापती काय चीज आहे ते. तो 'लवकर' म्हणाला होता, भय्यासाहेब. मी ते ऐकलं होतं. ऐकलं नाही असं मी स्वतःला कितीदा तरी सांगून बघितलं, पण ऐकलं होतं.

तुम्ही दौऱ्यावर होतात. पांडेजींनी सही बघितली आणि चहा सांगितला. रशीदनं त्यांना जीपची गोष्ट सांगितली, पण तशा गोष्टी पांडेजींना रोज कुणी ना कुणी सांगायचंच. आठ दिवस तो आणि जैनब मुसाफिरखान्यातून बंगल्यावर जात राहिले, आठ दिवस चहा पीत राहिले. नवव्या दिवशी गाडीत बसले.

परत आला तो गॅरेजात उभा राहून ओरडत होता. "तुमचा भय्या! घाटात आमच्या हातचं पाणी प्याला, अन् दारात आठ दिवस उभं केलं!" भोवती दहा माणसं. तेव्हा मी काय म्हणावं? मी म्हणालो, "मोठी माणसं, रशीद. विसरतात." आणि तिथंच एका जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तुम्हाला खरमरीत पत्र लिहिलं, सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. लोक खूश. पडलेला सभापती दिल्लीला झापतोय! माझ्या उभ्या राजकारणात मला एवढी वाहवा कधी मिळाली नसेल.

तुमचं उत्तर आलं. "प्रिय सभापती, रागाचे पत्र पोचले. चिठ्ठी काढून पाहिली. रेघ नाही. घाईत राहिली काय?"

बघा, उत्तरसुद्धा तुम्हीच सुचवलंत. मला फक्त 'होय' म्हणायचं होतं. मी लिहिलं, "होय, घाईत राहिली."

तेवढ्यात तुम्ही रशीदला तुमच्या हातचं कार्ड पाठवलं होतंत, "चूक माझ्या कार्यालयाची आहे, दोघे ताबडतोब या, दवाखान्यात मी स्वतः बरोबर येतो." रशीदनं ते फाडून चुलीत घातलं. "एकदा हाकललं, आता बोलावतेत. आमाला काय इज्जत हाय का न्हाई?" मी समोर होतो. तेव्हा जरी मी म्हणालो असतो, रशीद, त्यांची चूक नाही, माझी आहे, ऊठ, गाडीत बस, तर तो मला दोन शिव्या देऊन गेला असता. मी म्हणालो, "तुझी मर्जी." दोन महिन्यांनी त्यानं तिला हैदराबादला नेलं. उशीर झाला म्हणाले. डावा डोळा गेला.

पुढं तुमचं-माझं भांडण जुंपलं ते रेघेवरून. तुम्ही लिहिलंत, रेघ आजपासून बंद; ज्याला नाही म्हणायचे त्याला तोंडावर म्हणा. मी चार-चार पानं लिहिली. तुम्हाला नाही म्हणायला काय जातं? तुम्ही ज्याला नाही म्हणता तो तुमच्या शेजारी राहत नाही, आठवडी बाजारात भेटत नाही, त्याच्या पोरीच्या लग्नात तुम्हाला पंगतीला बसायचं नसतं. तुमचं उत्तर यायचं दोन ओळींचं. "नाही म्हटलेला माणूस रागावतो आणि दुसरे दार शोधतो. फसवलेला माणूस चहा पीत बसून राहतो." ह्यावर मला आजही जोरकस उत्तर सापडलेलं नाही. पण तुम्ही म्हणता ते इथं राहून करता आलं असतं, हेही मी अजून मान्य करत नाही. हा वाद आपला राहिला तो राहिलाच.

आणि तेव्हापासून प्रत्येक पत्राच्या शेवटी तुम्ही विचारायला लागलात, "मिस्त्रींच्या घरी कसे आहेत?" एकदा नाही, दोनदा नाही, प्रत्येक वेळी. मी बाकी सगळ्याचं उत्तर द्यायचो, तुरीचं, गुडघ्याचं, राजकारणाचं. एवढा एक प्रश्न ओलांडून पुढं जायचो. तुम्हीही कधी म्हणाला नाहीत की सभापती, उत्तर राहिलं. पुढच्या पत्रात पुन्हा विचारायचात. तुम्हाला कळलं होतं ना? बाकी चिठ्ठ्यांवर न चुकता रेघ ओढणारा माणूस नेमका रशीदच्या वेळी विसरतो, हे तुमच्यासारख्याला कळलं नसेल? कधी कधी मला तुमचा फार राग यायचा. एकदा सरळ विचारायचं होतंत. कानाखाली वाजवायची होतीत.

दोन वर्षांपूर्वी दिल्लीत भेटलो ते शेवटचं. कप उचलताना तुमचा चहा बशीत सांडत होता. उठताना तुम्ही माझं मनगट धरलंत आणि विचारलंत, "सभापती, काही सांगावयाचे राहिले काय?" मी म्हणालो, "हो. परळीच्या गाडीला रिझर्वेशन मिळत नाही, तेवढं बघा." तुम्ही हसलात. मनगट मात्र लगेच सोडलं नाहीत.

परवा इथं शोकसभा झाली. मुख्य वक्ता मीच, दुसरं कोण? मी उभा राहिलो आणि चांगलं बोललो. माझ्या एका सहीवर भय्यासाहेब माणसाला घरात ठेवून घ्यायचे, असं म्हणालो. तेव्हा मागून कुणीतरी आवाज टाकला, "रशीद मिस्त्रीला इचारा की!" लोक हसले. शोकसभेत तुम्हाला हसले, भय्यासाहेब. मी माइक धरून उभा. एक वाक्य बोललो असतो तर संपलं असतं. मी म्हणालो, "मोठ्या माणसांच्याही हातून चुका होतात. आपण उदार मनानं विसरल्या पाहिजेत." आणि दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. त्या दोन मिनिटांत मला माझी जेवढी शिसारी आली तेवढी सगळ्या आयुष्यात आली नव्हती.

काल सकाळी गॅरेजात गेलो. रशीदची दाढी आता पांढरी झालीय, पण ट्रॅक्टरखाली अजून स्वतःच घुसतो. मी म्हणालो, "बाहेर ये. बोलायचंय." तो आला, चिंधीला हात पुसत. मी उभ्याउभ्याच सांगितलं. रेघ म्हणजे काय, ती मी का दिली नाही, ते घाईत नव्हतं राहिलेलं, मुद्दाम होतं. फार वेळ लागला नाही. एवढी वर्षं उरावर बाळगलेली गोष्ट सांगायला चहा थंड होण्याइतकासुद्धा वेळ लागत नाही.

तो हात पुसतच राहिला. मग म्हणाला, "मग त्यांनी कारडात आपली चूक कावून लिवली?"

"मला झाकायला."

"मी ते चुलीत घातलं." चिंधी बाजूला टाकून म्हणाला, "पंधरा-सोळा वर्सं झाली, ज्याला-त्याला सांगतो, ह्यो माणूस बेइमान हाय म्हणून. मेल्यावर बी सांगितलं. परवा इथंच बसून सांगितलं."

मला वाटलं आता पाना उचलून माझ्या टाळक्यात घालतो. घातला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं ट्रॅक्टरच्या बॉनेटवरची बिलाची वही ओढली, एक कोरं पान फाडलं आणि माझ्यापुढं धरलं.

"ल्याहा. तुमाला त्यांचा पत्ता म्हाईत हाय."

"रशीद, ते गेले."

"मला म्हाईत हाय गेले ते. तुमी ल्याहा."

तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. तुम्हाला जसंच्या तसं देतो. 'साहेब, रशीद मिस्त्रीचा सलाम. तुमी बोलावलं, आमी आलो न्हाई. तुमाला लई वंगाळ बोललो. चुकी आमची झाली. दिल में रखू नका.' मी पेन थांबवलं, म्हणालो, "अरे, ह्यात तुझी कसली चूक?" तर म्हणाला, "मी काय केलं ते मी सांगतोय. तुमी काय केलं ते तुमचं तुमी बघा." कागद घेतला, सही केली, घडी घालून माझ्या हातात दिला. मग परत ट्रॅक्टरखाली जायला वाकला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "माझं सोडा. डोळा माझा न्हाई गेला. ती आत हाय."

गॅरेजच्या मागंच घर आहे त्यांचं. मी चपला काढल्या. जैनब अंगणात खाटेवर बसून मेथी निवडत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. ती निवडतच होती. मी खाकरलो तसा तिचा हात थांबला. मान अर्धी वळवून तिनं बघायचा प्रयत्न केला, तरी नीट दिसेना.

"कोन हाय? सभापती का? अशे इकडून या भाऊ, त्या बाजूनं मला दिसत न्हाई."

मी खाटेला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेलो, तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं.